विहिरीवरची अंगठी

लढाईच्या दिवसांत विहिरीच्या पायरीवर मला एक अंगठी सापडली. कुणाला न विचारता मी ती पदराला बांधून ठेवली आणि बाजाराच्या दिवशी चार कोस चालत विट्याला गेले. धनी पलटणीत होते. सहा महिने त्यांचं पत्र नव्हतं आणि घरात दाणा नव्हता.

बाजारात सोनं पारखणारा एक म्हातारा बसायचा. त्याची बोटं तेजाबानं काळी पडली होती, डोळे सुजले होते. त्यानं अंगठी कसोटीच्या दगडावर घासली आणि रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ हिरवी होऊन विरून गेली.

"पितळ हाय," तो म्हणाला. "सकाळधरनं समद्यास्नी ह्येच सांगतुया. लय दमलो."

मी हात पुढं केला, पण तो अंगठीच्या आतून बोट फिरवत राहिला.

"आतनं पार झिजलीया. जिची हाय तिनं कवा काढली नसंल. सापडली व्हय?"

मी मान खाली घातली.

"मग टाकू नगा. ती हुडकत आसंल."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी सगळ्यांना विचारलं. शेजारच्या म्हातारीनं हात पुढं केला. इतके दिवस ती एकटीच पायऱ्या चाचपत होती. पितळेची म्हणून सांगायला लाजली होती.

अंगठी तिच्या बोटात घालताना मला तिच्याकडं बघवलं नाही. ती सोन्याची निघाली असती, तर मी विचारलंच नसतं.