पोटावरचा शेक

आमच्या क्लीव्हलँडच्या प्रयोगशाळेत रेनी हुडाक दोन गोष्टींशिवाय कधी दिसली नाही. पोटावर शेकाची पट्टी आणि हातात बर्फाचा डबा. गर्भाशयाचं अस्तर भलत्याच जागी वाढून आतड्याबितड्याला चिकटतं, त्या दुखण्याच्या पेशी आम्ही जेलमध्ये वाढवतो. त्यांचे बारीक गोळे होतात, त्यांच्यावर औषधं आजमावायची. जेल बर्फात पातळ राहतं, ऊब लागली की थिजतं.

"नळी बर्फाबाहेर ठेवलीस तर हात तोडीन," असं तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तुमच्या खेड्यात सगळंच उन्हात ठेवत असतील."

तिला दुखणं तेच. नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर. पण तिच्या तिसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलातून नमुन्याचा एकच डबा आला. कामावर परतल्यावर त्यातल्या पेशींच्या बशीला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देईना.

"काय गं, लेक वाढवतेस?" मी विचारलं.

"लेकच. आईवर गेलीय, कुणाचं ऐकत नाही."

नव्या औषधाने इतरांचे गोळे सुकत होते. माणसांवरची चाचणी लवकरच सुरू होणार होती. आपलेही सुकले, तर डॉक्टरांनी सुचवलेलं गर्भाशय काढणं पुढे ढकलून त्या चाचणीत नाव द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. तिच्या गोठवून ठेवलेल्या पेशी जगल्या नव्हत्या. उरलेल्या सगळ्या गार जेलमध्ये कालवून एका नळीत होत्या.

औषधाच्या बशीकडे नळी नेताना तिला कळ आली. ती दुमडली, मूठ पोटात खुपसली. मी धावत खुर्ची आणली. बराच वेळ ती तशीच बसून राहिली.

"रेनी, नळी..."

तिने मूठ उघडली. नळी उलटी केली. काही ओघळलं नाही. शेकाच्या पट्टीवर जेल थिजलं होतं.

"तोड आता हात," ती म्हणाली.

आम्ही जेल विरघळवून पाहिलं. एकही पेशी वाढली नाही.

महिन्याभराने तिने गर्भाशय काढायची तारीख घेतली. मी मूर्खासारखा म्हणालो, "निदान ताजा तुकडा तरी मिळेल."

"मिळेल की. औषध लागू पडलं, तर त्या पेशींना सांग, बायांनो, उशीर केलात."

तो डबा आला तेव्हा बर्फ पुरेसा होता. तरी मी आणखी घातला.