माकणीच्या गाळात पुरलेली नाव

नळदुर्गच्या ढाब्यावर ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी चेपून मी लोहाऱ्याच्या एसटीत चढले, तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं. माकणीच्या धरणात नावेतून फेरी मारायची. पिशवीत टोपी, गॉगल, दुर्बीण, सगळा थाट होता.

धरणाच्या भिंतीवरून खाली पाहिलं आणि थाट जागच्या जागी जिरला. पाणी पार लांब, मधल्या डबक्यात. बाकी भेगाळलेली जमीन, तिच्यावर ट्रॅक्टरांची रांग आणि एक पोकलेन. मला चक्क राग आला. कोणाचा, ते मात्र सांगता येईना.

खाली उतरले तर एक म्हातारे गृहस्थ पहार गाळात खुपसत फिरत होते. हे लिंबाजीमामा, इथल्या एकुलत्या एका नावेचे मालक. पलीकडच्या काठावर ज्यांची शेतं आहेत त्यांची ने-आण करायची आणि मासे धरायचे, यावर त्यांचं घर चालतं.

"मामा, नाव कुठाय?"

"हितंच हाय. पुरलीया."

थट्टा वाटली, पण ती थट्टा नव्हती. लाकडी नाव उन्हात पडली की फळ्या वाळून तडकतात. म्हणून पाणी हटायला लागलं की मामा नाव ओल्या गाळात पुरतात आणि खुणेला बाभळीचा खुंटा ठोकतात. यंदा तो खुंटा कुणीतरी चुलीत घालायला उपटून नेला होता. आणि रानात (शेतात) टाकायला गाळ उपसणारं पोकलेन याच बाजूला सरकत होतं.

"दुसरी बांधावी म्हणलं तर बांधणारा कुणी ऱ्हायला न्हाय, ताई. हीच हाय," मामा म्हणाले.

मी दुर्बीण पिशवीत कोंबली, एक काठी उचलली आणि त्यांच्या शेजारी गाळ टोचायला लागले. पोकलेनवाला भला माणूस. त्यानं थोडा वेळ यंत्र बंद ठेवलं. पण रांगेतला एक ट्रॅक्टरवाला खवळला.

"मामा, सरका की! पाऊस पडल्यावर गाळ न्ह्यायचा का आमी? आमची बी रानं हायती."

त्याचंही खोटं नव्हतं. मामांनी हात जोडले. "हळू घे बाबा, हितंच कुठंतरी हाय."

यंत्र पुन्हा धडधडलं. थोड्याच वेळात खालून काडकन आवाज आला. बकेटमधून चिखलाबरोबर काळी, ओलीगच्च फळी वर आली. मधोमध मोडलेली, बाकी कुठं एक चीर नाही. खाली खड्ड्यात नावेचे दोन तुकडे दिसत होते.

मामा तिथंच गाळात बसले. त्यांनी फळी मांडीवर घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली.

"ताई, पाणी हाय का?"

तहान लागली असेल म्हणून मी बाटली दिली. त्यांनी सगळं पाणी त्या फळीवर ओतलं आणि तळहातानं चोळत राहिले.

"वाळू द्यायची न्हाय," ते म्हणाले.

मला तिथं उभं राहवेना. परतीच्या एसटीत शेजारी खुरपं घेतलेल्या एक मावशी बसल्या होत्या. कुठं गेला होता, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धरणावर.

"आमचं रान पल्याडच्या काठाला हाय. पाणी भरलं की लई लांबनं फेरा पडतो. पर लिंबाजीमामाची नाव हाय, त्येची काळजी न्हाय."

लोहारा येईपर्यंत त्या पावसाच्या गोष्टी करत होत्या. मी नुसती मान हलवत राहिले. सांगायचं धाडस मला झालं नाही.