बुडालेल्या देवळावरचा ड्रोन

तळेगाव ढमढेऱ्याहून सकाळच्या जीपने निघाले तेव्हा बसायला जागा नव्हती. चालकाने मला मागे कोबीच्या पोत्यावर बसवलं. "मावशी, आरामात बसा. गादीच हाय," म्हणाला. माझा भाजीचाच धंदा. दर बाजारी कोबी डोक्यावर असतो, त्या दिवशी पहिल्यांदा मी कोबीच्या डोक्यावर बसले. न्हावऱ्याला गाडी बदलली आणि चौफुल्याला उतरले.

तिथून केडगाव जवळच. रस्त्याला लागून ऊस आणि गुऱ्हाळं. गुळाचा वास इतका दाट की तोंड उघडं ठेवलं तरी चहा गोड लागावा. एका गुऱ्हाळावर क्षणभर थांबले, तर तिथल्या परप्रांतीय कामगाराने "लो काकी, चखो" म्हणत पानावर काकवी (गूळ होण्याआधीचा उसाचा दाट पाक) दिली. नको म्हणायचीही मला लाज वाटते, म्हणून घेतली. माहेरी पोचेपर्यंत बोटं एकमेकांना सोडत नव्हती.

केडगावात मिशनच्या आवारामागे माझ्या भावाचं घर आहे. त्याची मुलगी सुवार्ता फोटो स्टुडिओत कामाला आहे. आतापर्यंत ती काउंटरवर बसून लोकांना "हनुवटी वर करा, डोळे मिटू नका" एवढंच सांगायची. आता मालकांनी तिला पहिल्यांदा ड्रोन देऊन एकटीला पाठवायचं ठरवलं होतं. दौंडकडच्या एका लग्नाचं काम होतं. भावाची अट एकच, आत्या बरोबर पाहिजे. त्याचं म्हणणं, सोबतीला बोलकी बाई दिली तर ती मालकांशी, गिऱ्हाइकाशी, सगळ्यांशी वाद घालील. माझी निवड का झाली ते मला लगेच कळलं.

निघताना मालक स्टुडिओच्या पायरीवर उभे राहून बजावत होते. "पाण्याच्या जवळ नेऊ नकोस. ह्याच्या पोटाला डोळे असतात, त्यानं जमीन किती लांब ते ह्याला कळतं. पाणी हालतं, चमकतं, तिथं डोळं फसतात. पाण्यात गेला तर आतलं शूटिंगबी गेलं. आन् मग तू हाय आन् काउंटर हाय. कायमचा."

सुवार्ता मान हलवत होती.

केडगावहून दौंडपर्यंत आगगाडीने गेलो. तिने ड्रोनची बॅग मांडीवर तान्ह्या बाळासारखी धरली होती. समोरच्या म्हातारीला राहवेना.

"काय हाय गं पोरी त्यात?"

"ड्रोन हाय, आजी."

"चावतो का?"

"न्हाई. उडतो."

"मग तोंड बांधून ठीव. खिडकी उघडी हाय," म्हातारी म्हणाली आणि सरकून बसली.

दौंड स्टेशनवर वडापाव खाल्ला. बाहेर नवरदेव स्वतःच गाडी घेऊन आला होता. सडपातळ, हसरा मुलगा. त्यांचं गाव फुगोट्यावर आहे. फुगोटा म्हणजे धरणामुळे नदीचं मागे तुंबलेलं पाणी. गावाजवळ आलो आणि ऊस संपून एकदम पाणीच पाणी दिसलं. पलीकडचा काठ निळ्या रेघेसारखा. काठाच्या चिखलात बगळे एका पायावर उभे होते, जणू दुसरा पाय घरी विसरलेत.

घरी नवरदेवाचे आजोबा, म्हणजे सगळ्यांचे आबा, ओट्यावर फेटा बांधून तयार बसले होते. त्यांनी आम्हाला त्यांची रीत समजावून सांगितली. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं. ग्रामदेवाची मूर्ती वर नव्या गावात आणली, पण देऊळ खालीच राहिलं. म्हणून त्यांच्या घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका नव्या देवळात देत नाहीत. होडीने जाऊन, जुन्या देवळावर जिथे पाणी आहे तिथे सोडतात.

"देव वर आलाय, पर पत्ता त्यानं बदलल्याला न्हाई," आबा म्हणाले.

पत्रिका एकदाच सोडायची असते. पुन्हा सोडायची सोय नाही. घरातल्या बायका होडीत येणार नव्हत्या, त्यामुळे त्या क्षणाचं शूटिंग सगळ्यांना हवं होतं.

फुलं, नारळ, हळदकुंकवाचं पूजेचं ताट एका पाटीत ठेवलं होतं. पाटी दिसली की माझे हात आपोआप पुढे जातात. मी उचलली आणि मग आठवलं, आपण चर्चमधल्या, ही पूजेची पाटी. हळूच विचारलं, "चालंल का?"

आबा म्हणाले, "पाटी उचलायला जात लागत न्हाई बाई, मान लागती. चला."

सकाळपासून सुवार्ता हातातला लहान कॅमेरा घेऊन सगळ्यांचे फोटो काढत होती आणि मी तिच्या कॅमेऱ्यापासून पळत होते. ओट्यावर खांबाआड, अंगणात लिंबाआड. होडीत आड व्हायला काहीच नाही, म्हणून मी पुढच्या टोकाला सगळ्यांकडे पाठ करून बसले. होडीत आम्ही पाच जण. आबा, नवरदेव, सुवार्ता, मी आणि वल्ही मारणारा काळूराम, जो आबांना घाबरत नव्हता असा गावातला एकटाच माणूस असावा.

देऊळ नेमकं कुठे आहे ते आबा खुणेवरून सांगत होते. काठावरच्या चिंचेच्या शेंड्यामागे पाण्याची टाकी आली की खाली कळस.

"हितंच. थांब," आबा म्हणाले. शेजारी मासेमाराच्या जाळ्याला बांधलेला पांढरा कॅन तरंगत होता.

काठावर सगळा गाळ आणि गवत, तिथे ड्रोन ठेवायला जागा नव्हती. म्हणून सुवार्ताने इथेच, होडीतल्या फळीवर ड्रोन ठेवला आणि उडवला. माश्यांच्या थव्यासारखा आवाज करत तो वर गेला. आबांनी फेटा घट्ट धरला. मग पुन्हा चिंचेकडे बघितलं.

"न्हाई. हितं न्हाई. पलीकडं घे."

काळूराम वल्ही मारायला लागला. ड्रोन वरून आमच्याबरोबर आला. बरंच अंतर गेलं.

"आजून पलीकडं."

"आबा, मागल्या लग्नाला तुम्ही टाकी डाव्या अंगाला धरली हुती. देऊळ हालतंय व्हय?"

"देऊळ न्हाई हालत. तुझी होडी हालती. गप वल्हव."

असं करत करत मूळच्या जागेपासून आम्ही खूप लांब आलो. शेवटी आबांना चिंच, टाकी आणि मन तिन्ही एका ओळीत सापडलं. त्यांनी हात जोडले, मीही मागे वळून बसले. नवरदेवाने नारळ सोडला, मग पत्रावळीवर पत्रिका ठेवून ती अलगद पाण्यावर ठेवली. बिनओळखीच्या पाण्याला आमंत्रण देताना त्या मुलाने मान लववली. मलासुद्धा मनात प्रार्थना म्हणावीशी वाटली, म्हटली.

"पोरी, खाली घे ते," आबा म्हणाले. "पत्रिकेवरली नावं दिसली पायजेत."

"आबा, पाण्याच्या लई जवळ न्हेता येत न्हाई."

"का? बगळा न्हेतो की!"

"बगळ्याला पाणी कळतं, आबा."

"आन् ह्याला शिकवून न्हाई का आणलं?"

सुवार्ताने माझ्याकडे बघितलं. मी नेहमीप्रमाणे मान खाली घातली. तिने ड्रोन खाली घेतला. पंख्यांच्या वाऱ्याने पाण्यावर गोल सुरकुत्या पडल्या. पत्रावळ गिरक्या घ्यायला लागली आणि ड्रोन एकाएकी, कोणी पायाला धरून ओढल्यासारखा, पाण्याकडे घसरला. तुषार उडाले. सुवार्ताने त्याला झटक्यात वर खेचलं.

"आली का नावं?" आबांनी विचारलं.

"आली, आबा. दोघांचीबी."

आबा खूश झाले. तेवढ्यात सुवार्ताच्या हातातलं ड्रोन चालवायचं यंत्र टीं टीं वाजायला लागलं. देऊळ शोधण्यात बॅटरी संपत आली होती. ड्रोन थोडा वर गेला, आमच्याकडे पाठ केली आणि निघाला.

"रुसला का काय?" आबा म्हणाले.

सुवार्ताचा चेहरा पांढरा पडला. "आत्या! बॅटरी संपाय लागली की तो जिथनं उठला तिथं जातो. त्याला वाटतंय होडी आजून तिथंच हाय!"

तिथे तर नुसतं पाणी होतं.

काळूरामने होडी वळवली आणि दोन्ही वल्ही जोरात मारायला घेतली. नवरदेव पूजेच्या ताटाने पाणी मागे सारायला लागला. लांब पांढऱ्या कॅनजवळ ड्रोन हवेत थांबलेला दिसत होता, मग हळूहळू उतरायला लागला. सुवार्ता यंत्राची दांडी अंगठ्याने वर दाबून होती. "दाबून धरलं तर जरा हळू उतरतो. बास, तेवढंच. वर ऱ्हात न्हाई."

जवळ गेलो तेव्हा तो माणसाच्या उंचीवर आला होता. नवरदेव त्याला धरायला उभा राहिला आणि होडी कलंडायला लागली. आबा ओरडले, "बस खाली! पंख्यानं बोटं गेली तर अंगठी कशात घालशील?" काळूराम आबांवर ओरडला. सुवार्ता रडत सगळ्यांवर ओरडली. होडी एकीकडे, ड्रोन दुसरीकडे.

मी पुढच्या टोकाला होते. मांडीवर पाटी होती. गुडघ्यांवर उठले, पाटी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली, आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधीच ऐकला नव्हता.

"सगळे गप बसा!"

बसले. होडीसुद्धा बसली. काळूरामने एकच वल्हं मारलं आणि पाटी ड्रोनखाली आली. पाटी स्थिर धरण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. पंख्यांचा वारा आत शिरला आणि उरलेली झेंडूची फुलं पाकळ्या होऊन चारी बाजूंनी उडाली. मग पाटी जड झाली. सुवार्ताने पंखे थांबवले. कोणीच काही बोलेना, म्हणून मला वाटलं, आपण फार मोठ्याने ओरडलो.

घरी पुरणपोळीचं जेवण झालं. काळूराम म्हणाला, "आज पूजेचा दिस. उद्या आला असता तर चिलाप्याचं (इथल्या एका माशाचं) कालवण घातलं असतं." मग सगळे लॅपटॉपभोवती जमले. पत्रिका स्पष्ट आली होती. नवरदेवाच्या आईने पदराने डोळे पुसले. मी उठणार तेवढ्यात शेवटचा भाग लागला, ड्रोनचा कॅमेरा खाली वळलेला आणि चालूच राहिला होता.

वरून पाणी, होडी, आणि मी. दिवसभर लपवलेला माझा चेहरा मोठा मोठा होत चालला होता, तोंड आ वासलेलं, भोवती पाकळ्यांचा पाऊस.

"ह्या बाई पत्रिकेपेक्षा ठळक आल्या!" आबा म्हणाले. घर हसलं. मी पदर तोंडावर घेतला, पण आता काय उपयोग?

सुवार्ताने घडलेलं सगळं मालकांना कळवलं होतं, परतीच्या गाडीत तिला त्यांचा फोन आला. ती बराच वेळ फक्त "व्हय, व्हय" म्हणत होती. फोन ठेवून म्हणाली, "पुढलं लग्नबी मलाच दिलंय. आन् म्हणाले, ड्रोन जमिनीवरनं उडव, आन् आत्याला पाटीसकट ने." मग हळूच विचारलं, "आत्या, तुझा तो शेवटचा भाग कापू का? त्या लोकांना पायजे हाय, पर तू न्हाई म्हणलीस तर कापते."

खिडकीतून ऊस मागे पळत होता. मी विचारलं, "माझा आवाज पण आलाय का त्यात?"

"न्हाई. ड्रोनला कान नसत्यात."

"मग राहू दे," मी म्हणाले.

तो तुकडा माझ्याआधी तळेगावात पोचला. बाजाराच्या दिवशी शेजारच्या बायका मोबाइल घेऊन माझ्या पाटीभोवती जमल्या. एकीचं एकच चाललं होतं, "आगं, तोंड तर एवढं उघडलंय, पर म्हणत काय हुतीस? सांग की! सांग की गं!" गिऱ्हाइकंही थांबली. मला घाम फुटला. मग मी मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणून दाखवलं, अगदी तसंच.

"सगळे गप बसा!"

बाजाराची आमची पूर्ण ओळ गप्प झाली. पलीकडच्या कांदेवाल्याने तराजू हातातच धरून ठेवला. कोणी पुढे काही विचारेना. बाकीची हकिकत तेव्हा सांगायची राहिली, ती ही इथे लिहून ठेवली.