गच्चीच्या दाराची कडी

धाकटे दीर दवाखान्यातून घरी आले, तेव्हापासून माझी नजर त्यांच्या हातांवर असायची. आजारात त्यांना आवाज ऐकू यायचे, टीव्हीवाले आपल्याबद्दलच बोलतात असं वाटायचं. पण त्यांनी कधी कुणाला चापटही मारली नव्हती. हे मला माहीत होतं. तरी नातेवाईक ‘वेड्याने गळा दाबला’ छापाच्या बातम्या मोबाईलवर पाठवायचे आणि मी त्या मन लावून वाचायचे. घरात चार वर्षांची मुलगी. त्यात मी मुळातच संशयी बाई, दूधवाल्याचं मापसुद्धा दोनदा बघणारी.

एप्रिल संपत आला होता. नवरा मिहानमधल्या कंपनीत कामावर गेला आणि भाऊजी म्हणाले, “वहिनी, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून टाकतो. पोरीले झोप नाही लागून राहिली.”

दरवर्षी ते काम तेच करायचे. यंदा मला फक्त त्यांच्या हातातला पेचकस आणि तार कापायचा कटर दिसला. ते गच्चीवर गेले आणि मी जिन्याच्या वरचं दार आतून लावून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून कडी हळूच सरकवली. मुलीची आंघोळ होईपर्यंतच, असं स्वतःला सांगितलं.

आंघोळ झाली, तिचं जेवण झालं. वर ठोकाठोक चालू होती तोवर मी निर्धास्त होते. अकराच्या सुमारास ठोकाठोक थांबली. काम झालं तर खाली का येत नाहीत? दार का वाजवत नाहीत? नक्कीच दारामागे दबा धरून बसले असणार! मी जिन्याशी कान देऊन उभी राहिले. वर जितकं शांत, तितकी माझी खात्री पक्की होत गेली. त्यांच्या गोळ्यांवर ऊन सोसत नाही, सांभाळा, असं डॉक्टरांनी मलाच बजावलं होतं. तेही आठवत होतं. तरी कडीला हात लावला नाही.

एक वाजून गेल्यावर समोरच्या गच्चीवरून काकू ओरडल्या, “अवं बाई, तुझे भाऊजी उन्हात काहून उभे हायेत?”

मी लाटणं घेऊन वर गेले आणि कडी काढली. भिंतीलगत वीतभर सावली उरली होती, तिच्यात ते अंग चोरून उभे होते. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. कूलर तयार होता, पेचकस आणि कटर डब्यात ठेवलेले. त्यांनी माझ्या हातातल्या लाटण्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले, उन्हात.

खाली आणून मी त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजलं. जरा हुशारी आल्यावर विचारलं, “भाऊजी, दार काहून नाही वाजवलं?”

“वाजवलं असतं त तुम्ही म्हटलं असतं, याले पुन्हा झटका आला. मंग दादाले फोन, मंग दवाखाना.”

खोटं काहीच नव्हतं. नवऱ्याचा नंबर काढून मी दोन तास मोबाईल हातातच धरला होता. मला इतकी लाज वाटली, की त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी नवऱ्याने आवाज खाली करून रोजचाच प्रश्न विचारला, “आज काही केलं त नाही ना त्यानं?”

“नाही,” मी म्हटलं.

मी काय केलं, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगू शकणारा एकच माणूस आतल्या खोलीत पडून होता, आणि त्याचं कुणी खरं मानलं नसतं.