वसुधाला काय सांगायचं होतं

वसुधाच्या नवऱ्याचा, श्रीकांतरावांचा फोन आला तेव्हा मी सिम्युलेशन लॅबमध्ये प्रॅक्टिकल घेत होते. "ताई, वसू गेली," एवढंच ते म्हणाले. पोरं आपापल्या स्क्रीनमध्ये गुंतलेली. मी फोन ठेवला आणि एका मुलीला तिची चूक दाखवत राहिले. दुसरं काय करायचं असतं ते सुचलंच नाही...

जालन्याच्या कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंग शिकवायला आम्ही दोघी बरोबरच लागलो. वसुधा बदनापूरहून यायची. अख्खा कारखाना कॉम्प्युटरवर उभा करून चालवून बघता येतो, ते सॉफ्टवेअर विभागात आलं तेव्हा आम्ही सगळेच त्यावर भाळलो होतो. ती मात्र सावध. पहिल्याच तासाला तिनं पोरांना मुद्दाम चुकीचं गणिती मॉडेल निवडायला लावलं आणि अल्कोहोल-पाणी उकळून वेगळं करायला सांगितलं. स्क्रीनवर अगदी शुद्ध अल्कोहोल आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "साध्या डिस्टिलेशननं इतकं शुद्ध कधीच निघत न्हाई," ती म्हणाली. "यानं दिलं अन् तुम्ही घेतलं? मंग तुमची गरज काय?" धावडा गावचा एक मुलगा बिचकत म्हणाला, "मॅडम, म्हंजे कॉम्प्युटर खोटं बोलून राह्यला का?" वसुधा खळखळून हसली. "खोटं न्हाई रे. आपण विचारलं तेवढंच सांगतो तो."

मग तिच्या हातातून माऊस निसटायला लागला. संभाजीनगर झालं, पुणं झालं, हैदराबाद झालं. स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत जातात, थांबवता येत नाही, हेच सगळीकडे ऐकलं. तरी ती येत राहिली. माऊस विद्यार्थ्याच्या हातात, सूचना तिच्या. पुढे जीभही जड झाली. एका तासाला ती काहीतरी म्हणाली, ते कुणाला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं... पुन्हा. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मलाही कळलं नव्हतं. त्यानंतर ती लॅबमध्ये आली नाही.

शेवटचं भेटले तेव्हा तिचे फक्त डोळे हलत होते. 'हो' म्हणायचं तर पापण्या मिटायची. मी लॅपटॉप नेला होता. माझ्या एका डिस्टिलेशन कॉलमचं उत्तर काही केल्या जुळत नव्हतं. तिला दाखवावं, तिलाही बरं वाटेल, असं मनात होतं. ती स्क्रीनच्या एका कोपऱ्याकडे बघत राहिली. मी विचारत गेले. दाब? तापमान? आत येणारं मिश्रण? पापण्या मिटेनात. नुसतं पाणी यायला लागलं डोळ्यांतून. ते पुसलं, पुन्हा विचारलं. "राहू द्या ताई," श्रीकांतराव म्हणाले, "थकली ती." मी लॅपटॉप मिटला, तरी ती बघतच होती. पुढे कॉलममधली चूक सापडली, पण त्या कोपऱ्यात नव्हती. मग तिला काय सांगायचं होतं? आता कुणाला विचारू?

परवा बदनापूरला गेले. श्रीकांतराव चहा घेऊन समोर बसले, शेतातल्या तुरीचं सांगत होते. बोलता बोलता बशी खाली ठेवून उठले आणि आतल्या खोलीकडे लगबगीनं निघाले. दारातच थांबले. आत पलंग काढून टाकलेला, फरशी स्वच्छ पुसलेली. ते तिथंच चौकटीला हात लावून उभे होते.

"कूस बदलायची वेळ झाली ना तिची," ते म्हणाले. "उठल्या जातं आपोआप."

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.