पॉलिशवाल्याचा अंगठा

आमच्या गल्लीतल्या निम्म्या कपाटांवर एक अंगठा उमटलेला आहे. मधोमध भाजल्याची आडवी रेघ असलेला. तो पॉलिशवाल्या चाचांचा. कारागीर अस्सल, पण लाखेच्या पॉलिशचा हात दिला की वाळेपर्यंत थांबणं रक्तातच नाही. अंगठा लावून बघणारच. ती रेघही तशीच आलेली. दुकान जळालं तेव्हा राख निवायच्या आत हे उरल्यासुरल्या फळ्या उचलायला धावले होते.

नमाजही तशीच. मौलवीसाहेब एकदा म्हणाले, "चाचा, सजदा करता की कोंबडीसारखे दाणे टिपता?"

"काम पडलंय," म्हणत चाचा चपलेत पाय घालून निघालेसुद्धा.

अशा माणसाच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एक डोळा पूर्वीच गेलेला, उरला हा एकच. शुक्रवारपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही, दिसेल की नाही ते तेव्हाच कळेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

चाचांच्या पायाला भिंगरी लागली. चहा ठेवायचा, उकळायच्या आत उतरवायचा. घटकेघटकेला "उजेड जाणवतो का गं?" एका दुपारी चाची झोपली असं समजून पट्टीची कड उचलायला अंगठा पुढे केला. तिने तो बरोबर पकडला.

"मी कपाट नाही."

"नुसतं कडेनं बघत होतो."

"बघायचं मला आहे. जा, कुराण ठेवायची माझी लाकडी रेहल पॉलिश करा. पट्टी सुटली की तिच्यावर उघडून वाचीन."

"आणि नाही दिसलं तर?"

तिने अंगठा सोडला. "तर तुम्ही वाचून दाखवा. सावकाश. आणि तिला अंगठा लागला तर माझ्याशी गाठ आहे."

चाचा तडक मशिदीत. "मौलवीसाहेब, मला सब्र शिकवा. जरा लवकर."

मौलवीसाहेबांनी हसू दाबलं. "कुराणात सब्र आणि नमाज जोडीनं सांगितलेत. एक जमत नसेल तर दुसरीचं बोट धरा."

घरी लाखेचा पहिला हात दिला आणि अंगठा वळवळू लागला. चाचांनी निमूट वजू केलं, नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात ते. ओल्या हाताने सवयीने रेहलकडे वळले आणि जागीच थिजले. ओल्या लाखेला पाणी लागलं की पांढरा डाग पडतो. तो घालवायला सगळं खरवडावं लागतं. मग करतात काय, चटईवर उभे राहिले.

तेव्हापासून अंगठा वळवळला की वजू. सजदे लांबले. पण शांत वाटलं म्हणाल तर नाही. कपाळ चटईला आणि जीव पट्टीपाशी. डोळ्याचं जे व्हायचं ते आपल्या हातात नाही, हे तिथे दर वेळी नव्याने कळायचं आणि तितकंच कडू लागायचं. तरी पुन्हा उभे राहायचे.

शुक्रवारी रेहल काखोटीला मारून चाचा दवाखान्यात. मी सोबत होतो. डॉक्टरांनी पट्टी सोडली. चाची पापण्या मिचकावत राहिली. चाचांनी "दिसतं का?" विचारलं नाही. रेहल तेवढी काखेतून काढून पुढे धरली.

चाचीची मान हळूहळू रेहलकडे वळली.

"ही कुणाकडून करून घेतलीत?"

"का?" चाचांचा आवाज फाटला.

"कुठे अंगठा दिसत नाही."

चाचांच्या तोंडून "अल्हम्दुलिल्लाह," एवढंच निघालं. मग डोळे पुसून त्यांनी रेहल उलटी केली.

"खालच्या बाजूला एक आहे," ते म्हणाले.