मोडलेल्या बोटांची वीण

"हातावर मारा, हातावर," असं कंत्राटदाराचा माणूस ओरडत होता.

वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. नव्वदच्या दशकातली वर्षं. मालकाला आता कायम कामगार नको होते, कंत्राटी हवे होते, म्हणून आम्ही फाटकासमोर धरणं धरून बसलो होतो. त्या सकाळी एक टेम्पो आला. त्यातून लोखंडी पाइप घेतलेली माणसं उतरली आणि त्यांनी एक शब्द न बोलता मारायला सुरुवात केली. डोकं वाचवायला मी हात वर केला. पहिला पाइप मनगटाखाली बसला. मी खाली पडलो तेव्हा एकाने माझा उजवा हात बुटाखाली दाबून धरला आणि बोटांवर पुन्हा पाइप हाणला. आतून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. मी वर पाहिलं. आम्ही राहायचो त्या छाणी भागातला, आमच्याच गल्लीतला माणूस होता तो. लोखंडी जाळ्या बनवायचा, येता-जाता 'केम छो' म्हणायचा. त्यानेही मला ओळखलं, आणि ओळखून आणखी एक घाव घातला.

मी कारखान्यात लेथ मशीन चालवायचो. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वाळलेल्या शेंगांसारखी ताठ होती. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दाबायला दिला. पोलिसांत मी जाळीवाल्याचं नाव दिलं होतं, पण तो गल्लीत मोकळा फिरत होता. दुपारी त्याच्या दुकानातून लोखंड ठोकल्याचा आवाज आला की माझ्या दाढा एकमेकींवर घासायच्या.

बायको सकाळीच अलकापुरीतल्या ऑफिसात जायची. घरी मी आणि सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच होत्या आणि लोकांच्या ऑर्डरी घेऊन स्वेटर विणायच्या. एके दिवशी त्यांनी चेंडू माझ्या हातातून काढून घेतला आणि दोन सुया पुढे केल्या.

"जावईबापू, हे करून बघा."

"हे बायकांचं काम आहे."

"लेथवर हात चालत होता तेव्हा बायकांचं-पुरुषांचं बघायचं. आता बोट वाकतं का ते बघू."

त्यांनी माझी बोटं एकेक करून सुईभोवती दाबून वाकवली. डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी सुया भिंतीवर फेकल्या. त्या उठल्या, सुया उचलल्या आणि परत माझ्या मांडीवर ठेवल्या. "भिंतीला काही लागत नाही. घ्या."

सुलट आणि उलट टाके जमायला पावसाळा संपला. मग त्यांनी वेणी शिकवायला घेतली. विणता विणता मधले तीन टाके एका आखूड सुईवर काढून पुढे लोंबते ठेवायचे, त्यांच्या पलीकडचे तीन आधी विणायचे आणि मग लोंबते ठेवलेले विणायचे. टाके एकमेकांवरून जातात आणि लोकरीला पीळ पडतो. असे पीळ एकावर एक आले की स्वेटरवर वेणी उमटते. पीळ घालताना टाके ताणले जातात आणि सगळा जोर करंगळी नि तिच्या शेजारच्या बोटावर येतो. माझी नेमकी तीच दोन बोटं जास्त मोडली होती. प्रत्येक पिळाला घाम फुटायचा. मी दातओठ खाऊन लोकर ओढायचो.

"इतकं आवळू नका," सासूबाई म्हणाल्या. "कोणाचा गळा आहे का तो?"

"आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग आवळा. पण टाका सोडू नका."

त्यानंतर मी रोज जाळीवाल्याचा गळा आवळायचो. वेणी हळूहळू सरळ येऊ लागली.

दिवाळीनंतरची दुपार होती. सासूबाई आत खलबत्त्यात दाणे कुटत होत्या. मी विणत बसलो होतो. दारावर लाथ बसली, कडी निघून पडली आणि जाळीवाला आत आला. बरोबर आणखी दोघे होते, ते दारातच उभे राहिले.

"केस पाछो खेंची ले," तो म्हणाला. केस मागे घे.

मी नाही म्हणालो. त्याने माझ्या हातातलं विणकाम हिसकावलं, सुयांवरून टाके ओरबाडले आणि ते जमिनीवर टाकून त्यावर उभा राहिला. मग माझा उजवा हात पकडला आणि तीच दोन बोटं मागे वाकवायला लागला. ओरडायचं नव्हतं, पण ओरडलो. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. तो हसत नव्हता, चिडलाही नव्हता. लोखंडाची सळई वाकवावी तसं निवांत काम करत होता.

सासूबाई कधी बाहेर आल्या ते मला दिसलं नाही. लोखंडी बत्ता त्याच्या कोपरावर बसला. तो वळला, तर दुसरा घाव मनगटावर. त्याचा हात खाली लोंबला आणि तो गुरासारखा ओरडत गुडघ्यांवर बसला. दारातले दोघे एक पाऊल पुढे आले. सासूबाईंनी पुन्हा बत्ता उचलला. पांढरे केस सुटलेले, लुगड्यावर दाण्याचं कूट. ते दोघे थांबले आणि त्याला ओढत घेऊन गेले.

मला आनंद झाला होता. अजून आठवलं तरी होतो.

संध्याकाळी पोलीस आले आणि आम्हाला चौकीत घेऊन गेले. जाळीवाल्याने सासूबाईंवर तक्रार केली होती. फौजदार म्हणाला, "दोघंही तक्रारी मागे घ्या. नाहीतर या वयात आजींना आत ठेवावं लागेल."

"ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "परत घरात आला तर परत मारीन."

बायको ऑफिसातून थेट चौकीत आली होती. ती माझ्याकडे बघत होती. "आईला कोठडीत बसवून तुम्ही केस लढणार आहात का?" तिने हळूच विचारलं.

केस मागे घेतल्याच्या कागदावर मी सही केली. त्याच हाताने, वेडीवाकडी. इतका अपमान मला पाइप खातानाही वाटला नव्हता.

घरी आल्यावर सासूबाईंनी तुडवलेलं विणकाम उचललं. धुऊन वाळवलं, खराब भाग उसवला आणि दुसऱ्या दिवशी सुया माझ्यापुढे ठेवल्या. बोटं पुन्हा सुजली होती. मी विचारलं, "काल तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. दुसरा घाव भीतीनेच घातला," त्या म्हणाल्या. "पहिल्यानेच त्याच्या हातून तुमची बोटं सुटली होती."

कारखान्याने आम्हाला परत घेतलं नाही. मला एका गोदामात काम मिळालं. स्वेटर पुढच्या थंडीत पूर्ण झाला. समोरच्या दोन्ही वेण्या सारख्या नाहीत, डावी जास्त आवळलेली आहे. जाळीवाल्याचा हात वाकडाच जुळला. बरीच वर्षं आम्ही एकाच गल्लीत राहिलो. समोर आला की तो रस्ता ओलांडायचा. मी तिथेच उभा राहून त्याच्या हाताकडे बघत राहायचो.